लग्नाची डिस्क, एचडी पिक्चर अन् नवा लॅपटॉप : ड्राइव्ह कोणती घ्यायची?

जळकोट (ता. तुळजापूर) : घरात नवा लॅपटॉप आला की चार दिवसांनी कपाटातल्या डिस्क बाहेर निघतात. कुणाच्या लग्नाची, कुणाच्या बारशाची, एखादी तुळजापुरातून आणलेली देवीच्या गाण्यांची. आणि मग ध्यानात येतं की लॅपटॉपला डिस्क घालायची जागाच नाही. अलीकडच्या बहुतेक लॅपटॉपमधून कंपन्यांनी डिस्क ड्राइव्ह काढून टाकली आहे. वजन कमी, जाडी कमी, खर्च कमी. मग बाहेरून यूएसबीला जोडायची ड्राइव्ह घ्यायला माणूस सोलापूर गाठतो. तिथं विचारणा होते, "साधी डीव्हीडीची देऊ का ब्लू-रेची? ब्लू-रेवर एचडी दिसतं."

साध्या डीव्हीडी रायटरला साधारण दीड ते अडीच-तीन हजार रुपये पडतात. बाहेरून जोडायची ब्लू-रे ड्राइव्ह दहा हजारांच्या आसपास किंवा त्याच्याही वर जाते. म्हणजे फरक एका बॅगेचा नाही, चार-पाच बॅगा खताचा आहे. म्हणून दुकानात जायच्या आधी एक गोष्ट नीट समजून घ्या : ड्राइव्ह चित्र चांगलं करत नाही. डिस्कवर जे आहे तेच पडद्यावर येतं. आपल्या घरातली डिस्क डीव्हीडी असेल, तर ती दहा हजारांच्या ड्राइव्हमध्ये घातली काय आणि दीड हजारांच्या ड्राइव्हमध्ये घातली काय, चित्र तेवढंच.

तूर, सोयाबीन आणि गहू

सीडी, डीव्हीडी आणि ब्लू-रे या तिन्ही डिस्क दिसायला सारख्याच. बारा सेंटिमीटर रुंदी, मधे भोक. फरक आहे तो आतल्या ओळींमध्ये. डिस्कवर माहिती गोल गोल फिरत जाणाऱ्या एकाच ओळीत लिहिलेली असते आणि ड्राइव्हमधला लेसर ती वाचत जातो. मिलिमीटरचे हजार भाग केले, तर सीडीच्या दोन ओळींत १.६ भाग अंतर असतं, डीव्हीडीच्या ०.७४ आणि ब्लू-रेच्या ०.३२.

आपल्या भाषेत सांगायचं तर तूर चार फुटांवर, सोयाबीन दीड फुटावर आणि गहू नऊ इंचांवर. रान तेवढंच, ओळी किती बसल्या त्यावर सगळा खेळ. सीडीत ७०० एमबी मावतं, डीव्हीडीत ४.७ जीबी, दोन थरांची असेल तर ८.५ जीबी. ब्लू-रेच्या एका थरात २५ आणि दोन थरांत ५० जीबी.

आता ओळी जवळ आल्या की अवजारही बारीक लागतं. सोयाबीनचं कोळपं गव्हात घातलं तर काय होईल ते सांगायला नको. सीडीचा लेसर ७८० नॅनोमीटरचा, म्हणजे डोळ्याला न दिसणारा. डीव्हीडीचा ६५० नॅनोमीटरचा लाल. ब्लू-रेचा ४०५ नॅनोमीटरचा निळसर जांभळा, म्हणून तर नाव ब्लू-रे. डीव्हीडीच्या ड्राइव्हमध्ये निळा लेसरच नसतो, त्यामुळं कुठलंही सॉफ्टवेअर टाकलं तरी ती ब्लू-रे डिस्क वाचणार नाही. उलट ब्लू-रे ड्राइव्हमध्ये जादा लेसर बसवलेले असतात, म्हणून ती सहसा जुनी सीडी-डीव्हीडीसुद्धा वाचते.

चित्राचा हिशोब बघा. जुन्या व्हीसीडीचं चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं. एका डिस्कवर सव्वा तासाच्या आसपास मावायचं, म्हणून पिक्चर दोन-तीन डिस्कमध्ये यायचा आणि ऐन मारामारीत उठून डिस्क बदलावी लागायची. डीव्हीडीचं चित्र आपल्या देशात ७२० बाय ५७६. ब्लू-रेचं १९२० बाय १०८०, यालाच फुल एचडी म्हणतात. गुणाकार केला तर डीव्हीडीत व्हीसीडीच्या चौपट ठिपके आणि ब्लू-रेत डीव्हीडीच्या पाचपट. व्हीसीडी आणि डीव्हीडी ही एचडी नव्हेत. डबीवर काहीही छापलेलं असू द्या.

काही डीव्हीडी प्लेअरवर "१०८०" लिहिलेलं असतं. ते प्लेअर डीव्हीडीचंच चित्र ताणून मोठ्या टीव्हीवर बसवतात. एक किलो पिठाच्या चार भाकरी करा की आठ, पीठ एक किलोच.

"एचडी शूटिंग" म्हणजे हातात काय मिळतं?

आपल्या भागात खरा घोळ इथं आहे. लग्नाची सुपारी देताना फोटोग्राफर सांगतो, शूटिंग एचडीमध्ये आहे. कॅमेरा खरंच फुल एचडी असतो, त्यात खोटं काही नाही. पण दोन-तीन महिन्यांनी अल्बमबरोबर मिळते ती डीव्हीडी. ती डीव्हीडी टीव्हीला जोडलेल्या साध्या प्लेअरवर चालावी म्हणून बनवलेली असते, आणि तसं करताना १९२० बाय १०८० चं शूटिंग ७२० बाय ५७६ वर उतरवावं लागतं. म्हणजे पैसे एचडीचे दिले आणि घरात आलं ते पाचव्या हिश्शाचं चित्र. मूळ शूटिंग फोटोग्राफरच्या हार्ड डिस्कवर असतं. पुढच्या लग्नसराईत जागा पाहिजे म्हणून ते पुसलंही जातं. त्यात त्याचा दोष धरता येत नाही. दरवर्षी पन्नास लग्नांचं शूटिंग कोण किती वर्षं सांभाळणार? पण पोरीच्या लग्नाचं एकमेव चांगलं चित्रण असं नाहीसं होतं, आणि ते परत कुठल्याच ड्राइव्हमधून येत नाही.

म्हणून सुपारी देतानाच, ॲडव्हान्स हातात ठेवायच्या आधी बोलून घ्या : डीव्हीडी द्या, आजोबांना बघायला ती लागेल, पण त्याबरोबर फुल एचडीची एमपी४ फाइल पेनड्राइव्हवर किंवा हार्ड डिस्कवर द्या. पेनड्राइव्ह आपला दिला तरी चालतो. ६४ जीबीच्या पेनड्राइव्हवर तीन-चार तासांचं एचडी लग्न आरामात बसतं. ज्यांचं लग्न नुकतंच झालंय त्यांनी फोटोग्राफरला आजच फोन लावावा.

एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. साध्या डीव्हीडीवरही एचडी ठेवता येतं. डीव्हीडी म्हणजे शेवटी ४.७ जीबीची पिशवी. तिच्यात "डीव्हीडी व्हिडिओ" न बनवता सरळ एमपी४ फाइल टाकली, तर चांगल्या प्रतीचं फुल एचडी चित्रण सव्वा तासाच्या आसपास मावतं. अशी डिस्क घरच्या जुन्या प्लेअरवर बहुधा चालणार नाही, पण कॉम्प्युटरवर साध्या डीव्हीडी ड्राइव्हमधून फुल एचडी दिसेल. तेव्हा "एचडी बघायचंय म्हणजे ब्लू-रे ड्राइव्ह पाहिजेच" हेही खरं नाही.

आपल्या डिस्कवर काय आहे ते ओळखायचं कसं? लग्नाच्या डिस्कवर नवरा-नवरीचा फोटो छापलेला असतो, त्यामुळं वरून कळत नाही. मधल्या भोकाभोवतीच्या कड्यावर बारीक अक्षरांत डिस्कचा प्रकार बऱ्याचदा लिहिलेला असतो. नाहीतर कॉम्प्युटरमध्ये डिस्क उघडून फोल्डर बघा. "व्हिडिओ टीएस" नावाचं फोल्डर असेल तर ती डीव्हीडी. "एमपेगएव्ही" नावाचं असेल तर व्हीसीडी. "बीडीएमव्ही" दिसलं तर ब्लू-रे. आणि थेट एमपी४ फाइल दिसली तर तिच्यावर उजवं बटण दाबून प्रॉपर्टीजमध्ये डिटेल्स उघडा. फ्रेमची रुंदी १९२० लिहिली असेल तर फुल एचडी.

आणखी एक. "तुमच्या जुन्या लग्नाच्या कॅसेटचं, डीव्हीडीचं एचडी करून देतो" असं सांगणारे आता भेटतात. कॅसेटवर झालेलं शूटिंग मुळातच तेवढ्या ठिपक्यांचं नसतं. कॉम्प्युटर मधले ठिपके अंदाजाने भरतो. रंग उजळतो, कडा ठसठशीत होतात, पण गर्दीत मागं बसलेल्या आजीचा चेहरा अंदाजानेच काढला जातो. कॅसेटची फाइल करून घ्यायला जरूर पैसे द्या, कारण कॅसेट वाचणारी मशीनही आता मिळेनाशी झालीत. "एचडी"चे वेगळे पैसे देऊ नका.

जुन्या सिनेमांचं मात्र तसं नाही. 'पिंजरा' १९७२ चा, पण तो फिल्मच्या रिळावर चित्रित झालेला. रिळावर व्हीसीडीच्या कितीतरी पट बारीक तपशील असतो. रीळ शाबूत असेल तर त्याची नव्यानं खरी एचडी प्रत काढता येते. आपण व्हीसीडीवर पाहिलेले धुरकट मराठी पिक्चर मुळात तसे धुरकट नव्हते.

मग ब्लू-रे ड्राइव्ह कुणी घ्यावी?

ज्याच्याकडं ब्लू-रे डिस्क आहेत किंवा जो त्या विकत घेऊन जमवणार आहे, त्यानंच. पिक्चरच्या शौकिनाला ब्लू-रेची मजा कळते, ती नाकारायचं कारण नाही. ओटीटीवरचं एचडी नेटसाठी दाबून पाठवलेलं असतं, ब्लू-रेवर तोच पिक्चर कितीतरी जास्त जागा घेऊन बसलेला असतो. अंधारातले सीन आणि आवाज यात फरक कळतो. शिवाय रेंज गेली, रोजचा दीड जीबी संपला, तरी डिस्क थांबत नाही. फुल एचडी ओटीटीला तासाला दीड ते तीन जीबी लागतो, तीन तासांचा हिंदी पिक्चर एका दिवसाच्या डेटात बसत नाही हे सगळ्यांनी अनुभवलंय.

पण आपल्याकडं ब्लू-रेचा बाजार नीट भरलाच नाही. ब्लू-रे २००६ साली आली. त्याच सुमारास आपल्या देशात उलटी लाट होती. मोझर बेअर कंपनीनं २००७ च्या आसपास पिक्चरची व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढली. आठवत असेल, एसटी स्टँडवर, किराणा दुकानातसुद्धा त्या टांगलेल्या असायच्या. एवढी स्वस्त डीव्हीडी मिळत असताना गावाकडं ब्लू-रे कोण विचारणार? पुढं मोबाइलवर नेट स्वस्त झालं आणि डिस्कचा धंदाच बसला. २०१८ मध्ये मोझर बेअर दिवाळखोरीत निघून तिची मालमत्ता विकायचा आदेश झाला. हिंदीतले 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे', 'थ्री इडियट्स' असे गाजलेले पिक्चर ब्लू-रेवर आले, इंग्रजीत तर भरपूर आहेत, पण मराठी पिक्चर ब्लू-रेवर शोधायला गेलात तर हाताला फार काही लागत नाही. फक्त मराठी पिक्चरसाठी ब्लू-रे ड्राइव्ह घेणं म्हणजे बैल नसताना गाडी करून ठेवणं.

तरी घ्यायचीच असेल तर नुसत्या ड्राइव्हवर काम भागत नाही. दुकानदार हे सांगत नाही, म्हणून इथं जरा सविस्तर.

पहिलं, सॉफ्टवेअर. विकत मिळणाऱ्या पिक्चरच्या ब्लू-रेवर कुलूप असतं. व्हीएलसी हा फुकटचा प्लेअर डीव्हीडी सहज चालवतो, पण कुलूपबंद ब्लू-रे तो जसाच्या तसा चालवत नाही, कारण त्याच्याकडं किल्ली नाही. पॉवरडीव्हीडीसारखं परवानाधारक सॉफ्टवेअर वेगळं विकत घ्यावं लागतं, आणि ते वरचेवर अपडेट करावं लागतं, नाहीतर नव्या डिस्कला जुनी किल्ली लागत नाही. काही ड्राइव्हच्या डबीत असं सॉफ्टवेअर मिळतं. ते ब्लू-रे चालवणारं आहे की नुसतं डीव्हीडीचं, हे डबीवर वाचून घ्या. शहरातल्या स्टुडिओनं लग्नाची ब्लू-रे बनवून दिली असेल तर तिच्यावर कुलूप नसतं, ती व्हीएलसीवर चालते.

दुसरं, पडदा. आपल्याकडच्या कितीतरी लॅपटॉपचा पडदा १३६६ बाय ७६८ चा आहे. फुल एचडी चित्र त्यावर आकसूनच दिसणार. मोठ्या टीव्हीला जोडायचं असेल तर एचडीएमआय केबल लागते. सप्त्यात किंवा शाळेत वापरतात त्या जुन्या प्रोजेक्टरला निळ्या टोकाची व्हीजीए केबल असते. तिच्यावरून कुलूपबंद ब्लू-रेचं चित्र बऱ्याचदा येतच नाही. ड्राइव्ह चांगली असते, केबल चांगली असते, आणि तरी पडदा काळा.

तिसरं, कॉम्प्युटरची ताकद. दहा-बारा वर्षांच्या आतला ठीकठाक कॉम्प्युटर ब्लू-रे पेलतो. त्याहून जुन्या मशीनवर चित्र अडखळेल, आणि दोष ड्राइव्हच्या माथी मारला जाईल.

डबीवर "४के" किंवा "अल्ट्रा एचडी" दिसलं तर आणखी सावध. ती २०१६ मध्ये आलेली वेगळी डिस्क आहे. ती कॉम्प्युटरवर अधिकृतपणे बघायला इंटेलच्या ठरावीक पिढ्यांचेच प्रोसेसर लागतात, साधारण सातवी ते दहावी पिढी. पुढच्या पिढ्यांत इंटेलनं ती सोयच काढून टाकली. म्हणजे नवा कोरा महागडा लॅपटॉप घेतला तरी ती डिस्क चालणार नाही. कॉम्प्युटरसाठी त्या वाटेला न गेलेलं बरं.

पुण्या-मुंबईच्या मंडळींची पोरं परदेशात असतात, तशी आता आपल्या तालुक्यातलीही आहेत. तिकडून कुणी डिस्क पाठवत असेल तर विभागाचा नंबर बघायला सांगा. डीव्हीडीसाठी भारत ५ नंबरच्या विभागात येतो, ब्लू-रेसाठी "सी" विभागात. अमेरिकेतली ब्लू-रे "ए" विभागाची असते. विभाग जुळला नाही तर डिस्क चालत नाही. डीव्हीडी ड्राइव्हचा विभाग पाच वेळा बदलता येतो, पाचव्यांदा जो ठेवाल तो कायमचा. खेळ म्हणून बदलत बसू नका. आपल्या लग्नाच्या डिस्कला विभाग नसतो, तिची काळजी नाही.

सेकंडहँड बाजारात "एचडी डीव्हीडी" लिहिलेली ड्राइव्ह दिसली तर हात लावू नका. ती तोशिबाची पद्धत होती, ब्लू-रेबरोबरच्या शर्यतीत हरली आणि २००८ च्या फेब्रुवारीत कंपनीनंच ती सोडून दिली. तिच्यात ब्लू-रे चालत नाही.

खरेदी करताना

ज्याला घरच्या डिस्क बघायच्या आणि कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायच्या आहेत, त्यानं नावाजलेल्या कंपनीची, एलजी किंवा एसुस अशी, यूएसबीची डीव्हीडी रायटर घ्यावी. आपल्यातल्या शंभरातल्या बहुतेकांचं काम तिथंच संपतं. ऑनलाइन सात-आठशे रुपयांना बिननावाच्या ड्राइव्ह दिसतात. काही बऱ्या निघतात, काही महिन्याभरात डिस्क ओळखायचं सोडून देतात. गावाकडून परत पाठवायचं म्हटलं की किती खटाटोप आहे ते माहितीच आहे. आणि "ब्लू-रे" असं मोठं लिहून आत साधी डीव्हीडीच असलेला मालही असतो. कमी पैशांत ब्लू-रे दिसली की पुढच्या तोंडावर ब्लू-रेचा छाप आहे का आणि माहितीत "बीडी" वाचते असं स्पष्ट लिहिलंय का, ते बघा. "कॉम्बो" लिहिलं असेल तर सहसा अर्थ असा, की ब्लू-रे फक्त वाचते, लिहिते ती डीव्हीडीच. पिक्चर बघायला तेवढं पुरे. ब्लू-रे लिहिणाऱ्या महाग रायटरची गरज नाही.

वेगाच्या आकड्यांना भुलू नका. पिक्चर बघायला डीव्हीडीला एकपट वेग पुरतो, ब्लू-रेला दीडपट. बाकी आठपट, चोवीसपट हे आकडे कॉपी करताना कामाचे. यूएसबी ३ साठी जादा पैसे मागितले तर देऊ नका. ब्लू-रे पिक्चरलासुद्धा जास्तीत जास्त सेकंदाला ५४ मेगाबिट लागतात आणि जुनी यूएसबी २ कागदावर ४८० मेगाबिटची आहे. वीज मात्र बघा. ही ड्राइव्ह यूएसबीमधूनच वीज घेते. जुन्या लॅपटॉपचा पोर्ट कमजोर असला की डिस्क फिरायला लागते, टक-टक आवाज येतो आणि थांबते. अशा वेळी दोन तोंडांची केबल लावून दोन पोर्टांतून वीज द्यावी लागते. लांब एक्स्टेन्शन केबल लावू नका.

दुकानात जाताना घरातली एक जुनी, थोडी ओरखडलेली डिस्क बरोबर न्या आणि शक्य असेल तर आपला लॅपटॉपही. नवी चकचकीत डिस्क सगळ्याच ड्राइव्ह वाचतात. आपली कामाची डिस्क वाचते का ते तिथंच बघा, पक्कं बिल घ्या.

आता पैसे वाचवायची वाट. कितीतरी घरांत बंद पडलेला जुना लॅपटॉप माळ्यावर पडून आहे. त्याचा बोर्ड गेलेला असतो, बॅटरी गेलेली असते, पण डीव्हीडी ड्राइव्ह शाबूत असू शकते. बहुतेक लॅपटॉपमध्ये खालचा एक स्क्रू काढला की ती अख्खी बाहेर सरकते. तिची जाडी मोजा, ९.५ मिलिमीटर किंवा १२.७ मिलिमीटर, आणि त्या मापाची यूएसबीची बाहेरची पेटी घ्या. काही शे रुपयांत ड्राइव्ह तयार. टेबलावरच्या जुन्या कॉम्प्युटरच्या मोठ्या ड्राइव्हला मात्र ही युक्ती चालत नाही. तिला १२ व्होल्टची वेगळी वीज लागते, यूएसबी ५ व्होल्टच देते. तुमच्याकडं टेबलावरचाच कॉम्प्युटर असेल तर आत बसणारी साटा ड्राइव्ह घ्या, ती बाहेरच्या ड्राइव्हपेक्षा स्वस्त पडते. दुरुस्तीच्या दुकानात जुनी काढलेली तर आणखी स्वस्त, फक्त समोर चालवून बघा.

ड्राइव्ह आणली, आता?

विंडोज ८ पासून विंडोजमध्ये डीव्हीडी पिक्चर चालवायची सोय आपोआप येत नाही. डिस्क घातली आणि काहीच झालं नाही म्हणून ड्राइव्ह परत करू नका. आधी व्हीएलसी टाका, त्यात "ओपन डिस्क" करा. लग्नाच्या डिस्कमध्ये कुणी हात हलवला की कंगव्यासारख्या आडव्या रेघा दिसतात. व्हीएलसीच्या व्हिडिओ मेन्यूत "डीइंटरलेस" चालू केलं की त्या जातात. बऱ्याच जणांना वाटतं डिस्क खराब झाली. तसं नसतं.

आणि पहिल्याच दिवशी, बघत बसायच्या आधी, घरच्या सगळ्या डिस्क कॉपी करून घ्या. छापखान्यात दाबून काढलेली पिक्चरची डिस्क टिकते, पण फोटोग्राफरनं रायटरवर बनवलेल्या डिस्कमध्ये रंगाचा थर असतो आणि तो ऊन, उष्णता, दमट हवा यांनी हळूहळू उतरतो. आपल्याकडं पत्र्याखालच्या कपाटात मे महिन्यात काय धग असते ते वेगळं सांगायला नको. एके दिवशी डिस्क घातली की मशीन नुसतं फिरत राहतं. डीव्हीडी असेल तर "व्हिडिओ टीएस" हे फोल्डर अख्खं उचलून कॉम्प्युटरवर टाका. व्हीसीडी असेल तर "एमपेगएव्ही" मधली मोठी डॅट फाइल घ्या, व्हीएलसी ती चालवतो. एक फाइल करायची असेल तर हँडब्रेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. हे आपल्या घरच्या चित्रणापुरतं. विकतच्या पिक्चरचं कुलूप तोडून प्रती वाटणं कायद्यात बसत नाही.

मधेच कॉपी अडली तर घाबरू नका. मऊ सुती कपड्यानं डिस्क मधून बाहेर सरळ पुसा, गोल गोल नको. गोल ओरखडा ओळीबरोबर जातो आणि जास्त नुकसान करतो. तरी नाही वाचली तर शेजाऱ्याच्या ड्राइव्हमध्ये घालून बघा, कारण ओरखडलेली डिस्क एक ड्राइव्ह नाकारते आणि दुसरी वाचते असं सर्रास होतं. सीडीच्या वरच्या बाजूला बॉलपेननं नाव लिहू नका, तिचा माहितीचा थर वरच्या छापाला चिकटूनच असतो. खालचा ओरखडा परवडला, वरचा नाही.

कॉपी पेनड्राइव्हवर टाकताना "फाइल मोठी आहे" असं येऊन अडतं, पेनड्राइव्ह रिकामा असला तरी. त्याचं कारण पेनड्राइव्ह "फॅट३२" पद्धतीचा असतो आणि त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही. "एक्सफॅट" निवडून फॉरमॅट करा, फक्त आधी त्यातलं सगळं दुसरीकडं काढून घ्या. पेनड्राइव्ह ही ने-आण करायची वस्तू, साठवणीची नाही. एक प्रत हार्ड डिस्कवर आणि एक भावाच्या किंवा लेकीच्या घरी असू द्या.

मळणीच्या दिवसांत सोयाबीनची धूळ घरभर असते. ड्राइव्हचा ट्रे उघडा ठेवू नका, लेसरच्या काचेवर धूळ बसली की चांगली डिस्कही वाचत नाही. काम नसेल तेव्हा कॅरीबॅगेत गुंडाळून कपाटात ठेवलेली बरी.

ही ड्राइव्ह थेट मोबाइलला ओटीजीनं किंवा टीव्हीच्या यूएसबीला जोडून पिक्चर बघता येईल का, असंही विचारतात. बहुतेक मोबाइल आणि टीव्ही अशी डिस्क ओळखत नाहीत, आणि मोबाइलची बॅटरी ड्राइव्ह फिरवायला पुरत नाही. कॉम्प्युटरवर एकदा एमपी४ फाइल करून घेतली, की ती मोबाइलवरही चालते आणि पेनड्राइव्हनं टीव्हीवरही.